मदत करायची आहे, पण मैत्रीण ‘मी बघते’ म्हणते

प्रश्न: मैत्रीण मोठ्या आजारातून सावरते आहे. न विचारता काही केलं तर चिडते, लांब राहिलं तर परकेपणा येतो. नेमकं कसं वागावं?

प्रतिसाद १: ‘काही लागलं तर सांग’ हे आधी बंद करा. काय मागायचं, कधी मागायचं, हे ठरवायचं ओझं त्यात तिच्यावरच पडतं. एकच काम, वेळेसकट विचारा: ‘गुरुवारी औषधांच्या दुकानात जातेय, तुझी आणू? नको असेल तर उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’ उत्तर आलं नाही, तर ते ‘नको’च. दुसरा मेसेज, मग फोन, मग तिच्या आईला फोन, इथेच माणूस दार लावून घेतो.

प्रतिसाद २: तिच्याकडेही काहीतरी मागा. नुसतं घेत राहिलं की मिंधेपण येतं. तिला जमेल असं, तुम्हाला खरंच हवं असलेलंच मागा. उगाच काढलेलं काम लगेच ओळखू येतं. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतात स्वायत्तता आणि आपुलकीचं नातं या दोन्ही मूलभूत गरजा मानल्या आहेत. स्वतः ठरवणं आणि आधार घेणं यांत विरोध नाही.

प्रतिसाद ३: एक अपवाद. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर थेट विचारा, एकटं सोडू नका, घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तिथे देऊच नका.