मतदानाचा हक्क नसतानाही परदेशातले नायजेरियन स्वदेशाच्या राजकारणावरून इतके का भांडतात?

प्रश्न – काळबादेवी_हिशेबनीस

मी काळबादेवीतील तयार कपड्यांच्या एका घाऊक पेढीवर हिशेब पाहतो. आमचा बराच माल पश्चिम आफ्रिकेत जातो आणि तो उचलणारे बहुतेक व्यापारी नायजेरियाचे आहेत. माल घेताना ही मंडळी अतिशय चोखंदळ असतात. टी-शर्टची कॉलर उलटी करून शिवण नखाने ओढून पाहतात, आणि भाव सांगितला की मोबाइलवर रुपयांचे नायरा करून तो आकडा स्वतःशीच पुटपुटतात. अलीकडे अशाच दोन जुन्या गिऱ्हाइकांची पेढीवर चांगलीच जुंपली. एकाचे म्हणणे असे की राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी २०२३ मध्ये पेट्रोलवरचे अनुदान बंद केले आणि नायरा बाजारभावावर सोडला, हे कधी ना कधी करावेच लागणार होते. दुसऱ्याचे म्हणणे असे की या दोन निर्णयांनी सामान्य माणसाला देशोधडीला लावले.

मला कळत नाही ते हे, की दोघेही वर्षाचा बराच काळ मुंबईत काढतात, इथून मतदान दोघांनाही करता येत नाही, मग वाद इतका हातघाईवर का यावा? दुसरी शंका पैशांची आहे. माझा धाकटा भाऊ मस्कतला असतो. रुपया घसरला की त्याला बरेच वाटते, कारण तेवढ्याच रियालांत घरी जास्त रुपये पोहोचतात. नायरा तर सरकारी दराने तिपटीहून अधिक घसरला. मग परदेशातले नायजेरियन खूश दिसायला हवे होते, ते तसे दिसत नाहीत. 'ते लोक असेच असतात' अशा धर्तीची उत्तरे कृपया नकोत.

पूर्वी_लागोस

लागोसमध्ये एका कारखान्याच्या लेखा विभागात मी काही वर्षे नोकरी केली आहे, त्या आधारावर लिहितो. आपल्या दुसऱ्या शंकेत 'परदेशातले नायजेरियन' हा एकच गट धरला आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. इंग्लंडमध्ये परिचारिकेची नोकरी करणारी बाई पौंडात कमावते आणि घरी नायरा पाठवते. तिची गणना आपल्या मस्कतच्या बंधूंसारखी करता येईल. आपल्या पेढीवरचा व्यापारी मात्र लागोसच्या बालोगुन बाजारात नायरा कमावतो आणि मुंबईत रुपये खर्च करतो. तो राहतो परदेशात, पण त्याचे उत्पन्न स्वदेशी चलनात आहे. जून २०२३ पूर्वी सरकारी दराने एका डॉलरला सुमारे ४७० नायरा पडत, म्हणजे एका रुपयाला पावणेसहाच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉलर दीड हजारांवर गेला आणि रुपया १८ नायरांवर. तीनशे रुपयांचा जो शर्ट कागदावर सतराशे नायरांना पडत होता तो चोपन्नशेला पडू लागला, आणि लागोसच्या गिऱ्हाइकाचा पगार काही तिप्पट झाला नव्हता. मोबाइलवरचा आकडा आपले गिऱ्हाईक का पुटपुटते, हे यावरून कळेल.

परिचारिकाही सुखात आहे असे नाही. तिच्या पौंडाला जास्त नायरा मिळतात हे खरे, पण घरचा खर्च त्याच वेगाने धावला. अनुदान असताना पेट्रोल लिटरमागे २०० नायरांच्या आत होते, २०२४ च्या अखेरीस ते हजाराच्या आसपास पोहोचले. तिकडे पेट्रोल फक्त गाडीत जात नाही. वीज गेली की प्रत्येक गल्लीत जनित्रे सुरू होतात. दुकानातला फ्रीज, न्हाव्याचे यंत्र, पाणी वर चढवणारा पंप, सगळे त्यावर चालते. किमान वेतन जुलै २०२४ मध्ये ३०,००० नायरांवरून ७०,००० झाले, म्हणजे दुपटीहून अधिक. पण रुपयांत मांडले तर आधीचे पाच हजारांच्या वर भरत होते आणि नवे चार हजारांच्या आत येते. अशा वेळी घरून फोन येतो तो 'पैसे मिळाले' सांगायला नव्हे, 'अजून थोडे पाठव' म्हणायला, आणि पूर्वी आईवडिलांपुरता असलेला हा फोन आता चुलत-मावस भावंडांकडूनही येतो.

मंगळदास_गल्ली

वरील हिशेबाचा रोख बरोबर आहे, पण आमच्या धंद्यापुरती त्यात एक दुरुस्ती हवी. कपड्यांच्या लहान व्यापाऱ्याला ४७० चा सरकारी दर कधी मिळतच नव्हता. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने २०१५ मध्ये ४१ वस्तूंची यादी काढून त्यांच्या आयातीसाठी अधिकृत बाजारातून परकीय चलन देणे थांबवले. त्या यादीत कापड आणि तयार कपडे दोन्ही होते, आणि ही बंदी ऑक्टोबर २०२३ मध्ये उठली. मधली आठ वर्षे हा व्यापारी खुल्या बाजारातून डॉलर घेत होता, तिथे २०२३ च्या मध्याला दर साडेसातशेच्या घरात होता. म्हणजे त्याच्या दृष्टीने शर्ट सतराशेवरून नव्हे, सत्तावीसशेवरून चोपन्नशेवर गेला. दुप्पट हाही काही किरकोळ फटका नाही; फरक इतकाच की आधीच्या व्यवस्थेत स्वस्त डॉलर वशिल्याच्या लोकांना मिळत होते आणि उरलेले बाहेरून महाग घेत होते, हे त्याने पाहिलेले असते. त्यामुळे दर एक झाला याचे समर्थन करणारा गृहस्थ तोटा सोसूनही समर्थन करत असेल, आणि त्यात विसंगती नाही. तोच जर परतीच्या व्यवहारात तिकडचा कच्चा काजू भारतात पाठवत असेल तर नायरा पडल्याचा त्याला फायदाच होईल. राजकीय मत विचारण्याआधी माल कुठून कुठे जातो ते विचारावे, असे माझे मत आहे.

वाळूजमधल्या माझ्या मेव्हण्याला या राजकारणाची झळ इथे बसून लागली. बजाजच्या बॉक्सर मोटारसायकलींची नायजेरिया ही मोठी बाजारपेठ आहे आणि नायरा कोसळल्यावर ती निर्यात चांगलीच घटली.

कलिना_वाचक

पहिल्या शंकेविषयी. परदेशात बसून स्वदेशाच्या राजकारणात उतरणे ही नायजेरियात नवी गोष्ट नाही आणि गंमत अशी की आजचे राष्ट्राध्यक्ष त्याच वाटेने वर आले. १२ जून १९९३ ची निवडणूक लष्करी राजवटीने रद्द केली, विजयी ठरलेले मोशूद अबिओला पुढे तुरुंगात गेले, आणि जनरल सानी अबाचा यांच्या काळात लोकशाहीवादी आघाडीतले अनेक जण देश सोडून गेले. टिनुबू १९९४ मध्ये बाहेर पडले आणि अबाचा वारल्यानंतर १९९८ मध्ये परतले. परदेशातून चालणारे एक नभोवाणी केंद्रही तेव्हा होते. १९९६ मध्ये खून झालेल्या, मोशूद यांच्या पत्नी कुदिरात अबिओला यांचे नाव त्याला दिले होते. ज्यांनी लंडन-अमेरिकेतून राजकारण केले त्यांच्याच राजवटीत बाहेरच्या टीकाकारांना 'तिथे बसून बोलणे सोपे आहे' असे सुनावले जाते.

मताचा प्रश्न याहून टोकदार आहे. १९९९ च्या राज्यघटनेनुसार मतदार म्हणून नाव नोंदवताना नागरिक देशात राहत असावा लागतो. ही अट शिथिल करून परदेशस्थांना मत देण्याचा प्रस्ताव मार्च २०२२ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी फेटाळला. पैसा मात्र हवाच असतो. २०१७ मध्ये नायजेरियाने परदेशस्थांसाठी ३० कोटी डॉलरचे रोखे ५.६२५ टक्के व्याजाने काढले, त्याच वर्षी त्यांच्यासाठी स्वतंत्र आयोग नेमण्याचा कायदा झाला, आणि २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेने अधिकृत मार्गाने आलेल्या प्रत्येक डॉलरमागे पाच नायरा बक्षीस देऊ केले. जागतिक बँकेच्या अंदाजाने वर्षाला सुमारे २० अब्ज डॉलर बाहेरून घरी येतात. इतके पाठवूनही मत नाही म्हटल्यावर माणूस मतपेटीऐवजी समाजमाध्यमांवर, चर्चमध्ये आणि आपल्या पेढीवर भांडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसांच्या एका बदनाम पथकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा आंदोलनाची बँक खाती गोठल्यावर देणग्या बिटकॉइनमधून घेतल्या गेल्या. २०२३ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विरोधी उमेदवार पीटर ओबी यांच्यामागे परदेशातला हाच तरुण वर्ग हिरिरीने उभा राहिला. ओबी तिसरे आले, पण टिनुबू यांच्या लागोस राज्यात त्यांनी आघाडी घेतली. मतदान मात्र जेमतेम २७ टक्के झाले, हे परदेशातल्या उत्साही मंडळींच्या लक्षात राहत नाही.

आपण फार पुढे आहोत असेही समजू नये. २०११ पासून अनिवासी भारतीयांना मतदार म्हणून नोंद करता येते, पण पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष आपल्या गावच्या केंद्रावर यावे लागते. २०२४ च्या लोकसभेला अशी नोंद सुमारे १.२ लाखांची होती, आणि प्रत्यक्ष आले तीन हजारांहून कमी, तेही बहुतेक केरळचे.

देवगडचा_चाकरमानी

सगळे वाचले. आम्हा कोकणवाल्यांना हे समजायला राज्यघटना उघडावी लागत नाही. गिरणगावात राहून मनीऑर्डर पाठवणारा चाकरमानी गणपतीला गावी उतरला की देवळाचा रंग, रस्त्याचे कंत्राट आणि सरपंच कोण, या सगळ्यात बोलणार, कारण 'वर्गणी आमची आहे'. आणि गाववाले म्हणणार, 'तुम्ही आठ दिवसांचे पाहुणे, पावसात इथे राहून दाखवा.' नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो लोकांतही गावोगावच्या संघटना आहेत, त्यांच्या शाखा शहरांत आणि परदेशांत असतात, आणि नाताळला गावी जाणे त्यांनाही चुकत नाही, असे एका गिऱ्हाइकानेच मला सांगितले आहे. त्यापलीकडचा इतिहास जाणकारांनी सांगावा.

पूर्वी_लागोस

चाकरमान्यांचे निरीक्षण मान्य आहे, फक्त इग्बो माणसाच्या गावाकडच्या ओढीमागे, आणि तिथे घर बांधण्यामागे, आणखी एक कारण आहे. इग्बोबहुल पूर्व भाग बियाफ्रा या नावाने वेगळा होऊ पाहत होता, ते बियाफ्राचे युद्ध १९६७ ते १९७० असे चालले. त्यात बियाफ्रा हरल्यावर, युद्धकाळात ज्यांनी बँक खात्यांत व्यवहार केले होते त्यांना शिल्लक कितीही असली तरी सरसकट २० पौंड देण्यात आले, आणि पोर्ट हारकोर्टसारख्या शहरांतली सोडून आलेली घरे अनेकांना परत मिळाली नाहीत. दुसऱ्याच्या शहरातली मालमत्ता आणि सरकारच्या हातातला पैसा, दोन्ही केव्हाही जाऊ शकतात, हे त्या पिढीने पाहिले आणि मुलांना सांगितले. म्हणून बचत बँकेत कमी आणि मालात, जमिनीत, गावच्या घराच्या स्लॅबमध्ये जास्त. पैसे पाठवतानाही हाच अविश्वास दिसतो: इथे ओळखीच्या माणसाला रक्कम द्यायची आणि त्याच्या भावाने तिकडे नायरा मोजायचे, अशी पद्धत बँकेपेक्षा भरवशाची वाटते. भारतात ती परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही, तेव्हा आपल्या पेढीने अशा अदलाबदलीत मध्यस्थ होऊ नये, हे हिशेबनीसांना आगाऊ सांगून ठेवतो.

मीरारोड_पूर्व

राजकारणाचे मला फारसे कळत नाही, राहण्याचे सांगू शकते. आमच्या इमारतीत तीन नायजेरियन भाडेकरू होऊन गेले. घर मिळेपर्यंत दलाल त्यांना फिरवतो; सोसायटी नाही म्हणते, आणि जी हो म्हणते तिथे भाडे आणि अनामत दोन्ही वाढीव सांगितले जातात. मालकाने परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला चोवीस तासांत कळवायची असते, ते काही मालक टाळतात, आणि पुढे तपासणी झाली की निस्तरावे लागते भाडेकरूला. अमली पदार्थांचे किंवा ऑनलाइन फसवणुकीचे गुन्हे घडतात आणि पकडले जाणाऱ्यांत नायजेरियनही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एकाला पकडले की त्या रात्री इमारतीतला दुसरा, ज्याचा व्हिसा चोख आहे तो, लिफ्टमध्ये कोणी बरोबर असले तर जिन्याने जातो. हे मी पाहिले आहे.

तिघांतली एक बाई केसांचे टोप तिकडे पाठवायची. लंडनला असलेल्या बहिणीशी तिचे फोनवर राजकारणावरून कडाक्याचे भांडण व्हायचे. बहीण म्हणे, सरकारला अजून दोन वर्षे द्या. ही म्हणे, तू दे, तुझा पगार पौंडात येतो.

काळबादेवी_हिशेबनीस

सर्वांचे आभार. मंगळदास_गल्ली यांच्या सांगण्यावरून चौकशी केली. समर्थन करणारे गृहस्थ काजूचे नव्हे, पण त्यांचे दोन मुलगे मँचेस्टरला नोकरीत आहेत आणि गावच्या घराचा खर्च तेच उचलतात. विरोध करणाऱ्याचे सगळे भांडवल लागोसच्या दुकानात अडकले आहे. आता एकच विचारतो: लंडन-मँचेस्टरचे नायजेरियन तिथल्या राजकारणात रमत नाहीत का, की त्यांचाही जीव लागोसमध्येच असतो?

कलिना_वाचक

रमतात, आणि त्याला कायद्याचा आधार आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला तिथल्या संसदीय निवडणुकीत मत देता येते, त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. नायजेरिया राष्ट्रकुलात असल्याने मँचेस्टरचे मुलगे तिथले खासदार निवडू शकतात, नायजेरियाची राजधानी अबुजा इथले नाही. जन्माने नायजेरियन असलेल्याला दुसरे नागरिकत्व घेऊनही मूळ नागरिकत्व राखता येते, त्यामुळे पुढे दोन्ही पासपोर्ट बाळगणारे बरेच असतात. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेत्या केमी बॅडनॉक लागोसमध्ये वाढल्या. त्यांनी नायजेरियाविषयी कडवट बोलणे सुरू ठेवले तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष काशिम शेट्टिमा यांनी, हवे तर नावातले 'केमी' काढून टाका, असे सुनावले. म्हणजे तिथे गेलेल्यांच्या मताची दखल दोन्हीकडे घेतली जाते, भले ती रागाने का असेना.

मुंबईतल्या व्यापाऱ्याचे तसे नाही. त्याचा व्हिसा व्यापारापुरता, आईवडील दोघेही परदेशी असतील तर इथे जन्मलेल्या मुलाला जन्माने भारतीय नागरिकत्व नाही, महापालिकेत नाही की लोकसभेत नाही, मत कुठेच नाही. इथल्या राजकारणात त्याला शिरकाव नाही आणि शिरण्याची इच्छाही त्याला परवडणारी नाही. मग उरते ते नायजेरियाचेच, आणि तेही आपल्यासारख्या पेढीवर, जिथे ऐकायला आणखी एक नायजेरियन उभा असतो.