प्रति: सात कोंबडे झालेत, विकू की खाऊ?

भाऊ, एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात तेव्हा त्यात निम्मे नर धरूनच चालायचं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. बाकीचे पाच-सहा महिन्यांचे झाले की झुंजतात, पहाटे बांग देऊन शेजाऱ्यांना उठवतात आणि दाणे खातात ते वेगळंच.

विकायचे तर आखाडीआधी विका. गावरान म्हटलं की गिऱ्हाईक दारावर येते. श्रावण लागला की भाव पडतो. मग पोळ्याची अमावस्या सरेपर्यंत त्यांना फुकट पोसत बसा. मी एकदा बसलो. सौदा नगावर करू नका, जिवंत वजनावर करा.

खायचे तर तरुण असतानाच. वर्षाचा कोंबडा चिवट होतो, पण सावजी रश्श्याला तोच लागतो: खसखस, सुकं खोबरं, जवसाचं तेल अन् मंद आचेवर दोनेक तास. कुकरात घातला तर चव जाते, हे माझं मत; बायकोचं वेगळं आहे.

नुकतं औषध पाजलं असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस जाऊ द्या, मग कापा किंवा विका. अन् पोरांनी नावं ठेवलेला कोंबडा असेल तर सरळ विकून टाका. आमच्याकडे 'राजा' ताटात आला तेव्हा कोणीच जेवलं नाही.