ग्रुप म्यूट केला, मन शांत झालं. आता चार बटणं कोणती दाबायची?

कात्रणवाली
'निवडणुकीत मनःशांती' असा सात कलमी फॉरवर्ड परवा इथेही कुणीतरी डकवला. बातम्या बंद करा, सोसायटीचा ग्रुप म्यूट करा, राजकारण बोलू नका, दीर्घ श्वास घ्या आणि मतदानाला जाताना 'अंतर्मनाचा कौल' घ्या, असा एकूण सूर. श्वासापर्यंत ठीक आहे. पण प्रभागातल्या ड जागेवर कोण उभं आहे हे अंतर्मनाला कुठून कळणार?

पुण्यात महापालिकेला एखादा अपवाद सोडला तर चार जणांचा प्रभाग आहे. अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबायची, चौथं दाबल्यावरच बझर वाजतो. उमेदवारांची संख्या आणि क्रम प्रत्येक जागेला वेगळा. 'आपलं तिसरं बटण' असं घोकून गेलेला माणूस ब जागेवर भलत्यालाच मत देऊन येतो. एकदा दाबलेलं बदलता येत नाही, आणि मागे रांग ताटकळलेली असते. त्यामुळे चार जागांची चार नावं आणि चिन्हं घरूनच पाठ करून निघा.

आणि तासभर उमेदवारांची शपथपत्रं वाचा. गुन्ह्यांचा नुसता आकडा बघून नाक मुरडू नका, कलम बघा. जुन्या भादंविचं (भारतीय दंड संहितेचं) १४३ किंवा १८८ म्हणजे बहुतेकदा मोर्चा, जमावबंदी. ४२० म्हणजे फसवणूक. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना न्यायसंहितेची कलमं लागली आहेत; तिथे फसवणूक ३१८ मध्ये आणि १८८ चं झालं २२३. पुढच्या रकान्यात आरोप निश्चित झालेत की प्रकरण अजून तपासातच आहे, तेही दिसतं.

खडीसाखर
एवढं फाडून खायची गरज नव्हती. तो फॉरवर्ड वकिलांसाठी नाही, घरात दोन पक्ष झालेत त्यांच्यासाठी आहे. दिवाळीला एका ताटात जेवणारे भाऊ आज स्टेटसवरून टोमणे मारतायत. अशा वेळी कलम १८८ काय कामाचं? ॲडमिननी निकालापर्यंत 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' हे सेटिंग लावावं. पाण्याच्या टँकरची वेळ कळते, बाकी सगळं थांबतं. हाही सजगपणाच.

कात्रणवाली
सेटिंग लावाच. फक्त ॲडमिन स्वतः कुणाचा बूथप्रमुख नाही ना, तेवढं बघा. नाहीतर टँकरच्या वेळेखाली रोज एक चिन्ह येईल.

मधलीसुट्टी
शपथपत्रासाठी आयोगाचं 'नो युवर कँडिडेट' ॲप आहे की. आणि पैसे वाटताना दिसले तर सी-व्हिजिल. शंभर मिनिटांत कारवाई.

बोरूवाले_नाना
मधलीसुट्टी, ती दोन्ही ॲप भारत निवडणूक आयोगाची, लोकसभा-विधानसभेसाठी. महापालिका घेतो राज्य निवडणूक आयोग. आयोग वेगळा, संकेतस्थळ वेगळं, शपथपत्राचा नमुनाही वेगळा. मतदारयादीचंही तेच. विधानसभेची यादी फोडून प्रभागाची करतात. प्रारूप यादीवर हरकत घेऊन चुकीचा प्रभाग किंवा लेखनिकाची चूक दुरुस्त होते. विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर इथे नव्याने घालता येत नाही. दरवेळी मतदानाच्या सकाळी केंद्रावर हुज्जत घालणारे निम्मे लोक याच कारणाने घालतात.

शिवाय 'गेल्या वेळी काय केलं' हे विचारताना लक्षात ठेवा, पुणे पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक. त्या काळातल्या खड्ड्यांचं श्रेय कुठल्याही माजी नगरसेवकाला देऊ नका, आणि रस्त्यांचंही. २०१७ ते २०२२ ची अंदाजपत्रकं काढून 'स यादी', म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं, बघा: बाक किती, पेव्हर ब्लॉक किती, पावसाळी गटार किती. माणूस कळतो.

तिरकस
सगळं वाचून झालं की चौघंही एकाच माळेचे मणी निघतात. मग एवढी डोकेफोड कशाला? चारही जागांना नोटा. शांत झोप.

खडीसाखर
नोटाने काय होतं? २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७,५०० मतं. आमदार व्हायचा तो झालाच. २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला आणि तिथे नोटाला १५ हजारांवर मतं होती. झोपा शांत.

तिरकस
ते विधानसभा-लोकसभेचं. स्थानिक निवडणुकांसाठी राज्य आयोगाचा २०१८ चा आदेश वाचा. नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची फेरनिवडणूक. इथे नोटाला दात आहेत. अर्धवट माहितीवर उपदेश नको.

बोरूवाले_नाना
दात आहेत, पण दुधाचे. हरियाणाच्या आयोगाने नोटापेक्षा कमी मतं मिळालेल्यांना फेरनिवडणुकीला बंदी घातली. आपल्या आदेशात ती अट नाही. तेच चौघं पुन्हा हात जोडत दारात येतील.

तिरकस
येऊ देत. एकदा तोंडावर आपटून येतील ना! तुम्हा सुशिक्षितांना कुठलीही गोष्ट 'तशी निरुपयोगीच' म्हणून झटकायची सवय आहे.

मधलीसुट्टी
आणि बिनविरोध झाली तर? सुरतला २०२४ ला खासदार बिनविरोध झाला, तिथल्या मतदाराला नोटासुद्धा मिळाला नाही. त्यावर कुणी बोलत नाही. पालिकेला तर व्हीव्हीपॅटही नाही! आपलं मत कुठे गेलं हे कळायला चिठ्ठी नाही आणि तुम्ही मनःशांती काय सांगता?

खडीसाखर
आलं. व्हीव्हीपॅट आलंच. आता दोनशे प्रतिसाद नक्की.

मधलीसुट्टी
अडचणीचं आलं की हसण्यावारी न्यायचं. चालू द्या.

कात्रणवाली
मधलीसुट्टी, चिठ्ठी हवी ही मागणी रास्त आहे. चार जागांच्या यंत्राला ती जोडणं अवघड, हे आयोगाचं उत्तर मलाही पटत नाही. पण त्यावरून यंदाचं मत ठरत नाही. तिरकस, तुमचा २०१८ चा आदेश बरोबर, मान्य. फक्त चारही जागांना एकच औषध कशाला? चार जागा म्हणजे चार स्वतंत्र निवडणुका. पॅनेलचं पत्रक चौघांना एका फोटोत बसवतं, तुम्ही का बसवता? अ ला एक पक्ष, क ला अपक्ष, ड ला नोटा, असं करायला कुणी अडवलेलं नाही. आणि फेरनिवडणूक हवी तर त्या एका जागेवर नोटा पहिला यायला हवा. चार जागांवर राग काढून तो येत नाही, त्यासाठी शेजाऱ्यांशी बोलावं लागतं. म्हणजे म्यूट काढावं लागतं.

खडीसाखर
म्हणजे शेवटी भांडणच करा म्हणताय.

कात्रणवाली
भांडा, पण कागद हातात घेऊन. 'तुमच्या साहेबांचं शपथपत्र, दायित्वांचा रकाना' असं म्हटलं की अर्धे लोक विषय बदलतात. दुसरा अर्धा वाचायला लागतो.

तिरकस
बरं बाई. अ, ब, क ला नोटा कायम. ड ला एक नाव बरं दिसतंय. कोण ते विचारू नका, मतदान गुप्त असतं.

बोरूवाले_नाना
शपथपत्र वाचलंत त्यांचं?

तिरकस
उघडलंय. स्कॅन आडवं आहे आणि मालमत्तेच्या पानावर नोटरीचा शिक्का बरोब्बर आकड्यावर बसलाय. मान वाकडी करून वाचतोय.