लोअरिंग स्प्रिंग घरच्या घरी बसवता येतील का?

अमळनेरकर
नमस्कार. माझ्याकडे 2019 ची स्विफ्ट आहे. ती 30 मिलिमीटरने खाली आणणाऱ्या स्प्रिंगचा संच मी मागवला असून तो स्वतःच बसवावा असा विचार आहे. ऑइल आणि ब्रेक पॅड बदलण्यापलीकडे आजवर माझा हात गेलेला नाही. घरासमोर शहाबादी फरशीचे अंगण, गाडीसोबत आलेला जॅक आणि पान्यांची एक पेटी एवढीच तयारी आहे. एका रविवारी काम उरकेल का, आणि शॉकॲब्सॉर्बर मूळचेच ठेवले तर चालतील का?

बांभोरीचा मिस्त्री
भाऊ, मागचे काम तुम्हाला जमेल. पुढचे मात्र एकट्याने करू नका. स्विफ्टच्या मागे आडवा बीम असून स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर वेगवेगळे बसवलेले असतात. दोन्ही शॉकॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढून बीमखालचा जॅक हळूहळू उतरवला की स्प्रिंगवरचा ताण जातो आणि ती हाताने निघते. फक्त ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे पाहत राहावे.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. तेथे स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरभोवतीच दाबून बसवलेली असते आणि वरच्या एका नटाने अडकवून धरलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे हत्यार) न लावता तो नट सोडला, तर वरची वाटी अशी उडते की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. आटे झिजलेला स्वस्त कॉम्प्रेसरही तितकाच घातक. त्यामुळे अख्खा स्ट्रट घरी सोडवावा आणि स्प्रिंग बदलण्यापुरता गॅरेजमध्ये न्यावा. गाडीसोबतचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो; त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या लोखंडी तिवया) घ्यावेत आणि त्यांच्या पायांखाली जाड फळी ठेवावी, कारण खाली पोकळ असलेली शहाबादी फरशी वजनाने फुटते.

पांझराकाठ
मी धुळ्यात माझ्या जुन्या गाडीवर हा उद्योग केला आणि दोन चुका केल्या. स्प्रिंगचे टोक खालच्या वाटीतील खाचेत नीट टेकले आहे का, हे मी पाहिले नाही. कन्नडच्या घाटात प्रत्येक वळणावर टणटण आवाज येऊ लागला आणि सगळे पुन्हा खोलावे लागले. दुसरी चूक महागात पडली. रबरी बुश (सांध्यातील रबराचे नळकांडे) असलेले बोल्ट मी चाके लोंबकळत असतानाच आवळले. गाडी खाली टेकल्यावर ते रबर कायम पिळलेले राहिले आणि काही महिन्यांत फाटले. असे बोल्ट आधी हातानेच बसवावेत आणि गाडीचे वजन चाकांवर आल्यावर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळता येणाऱ्या पान्याने) आवळावेत. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावेच लागते, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. हेडलाइटचा झोतही तपासावा.

शॉकॲब्सॉर्बर मूळचे चालतील, पण गाडी खाली आल्याने त्यांची दांडी बंप स्टॉपच्या (दांडी पूर्ण आत जाऊ न देणाऱ्या ठोकळ्याच्या) जवळ जाते. चार माणसे बसली की खड्ड्यात आदळते. आधीच तेल गळत असेल, तर तेही याच वेळी बदलावेत. दोनदा खोलण्यात अर्थ नाही.

सातपुडा पायथा
हौस समजू शकतो, तरीही हिशेब मांडून पाहा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यांतील अंतर) 163 मिलिमीटर; त्यातून 30 गेले की 133 उरतात. प्रमाणित गतिरोधक 100 मिलिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी जाईल. पण आमच्या यावल-रावेरकडे गावोगावी लोकांनीच घातलेले उंच, अरुंद उंचवटे आहेत, आणि केळीच्या मळ्याची वाट तर विचारूच नका.

शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये यावर कडक भूमिका घेतली आहे. आरटीओ आणि विमा कंपनी यांना आधी लेखी विचारावे.

अमळनेरकर
सर्वांचा आभारी आहे. विम्याचे उत्तर येईपर्यंत संच खोक्यातच ठेवतो. होकार मिळाला तर मागच्या स्प्रिंग मी बदलेन आणि पुढचे स्ट्रट गॅरेजमध्ये नेईन. तेव्हा गाडी स्टँडवर उभी असणार, म्हणून मेहुण्याची मोटारसायकल आत्ताच सांगून ठेवली आहे.