मदत हवी आहे: कुबरनेटीसचा नोड (क्लस्टरमधली एक व्हीएम) नॉट-रेडी, व्हॉल्यूम (डिस्क) अजून त्यालाच अटॅच. सुरक्षितपणे कसा सोडवू?

कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी प्रणाली) १.२९, क्लाउडचा ब्लॉक व्हॉल्यूम, रीड-राइट-वन्स (एका वेळी एकाच नोडला जोडायचा), सीएसआय ड्रायव्हर (डिस्क जोडणारा-सोडणारा भाग). त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस, स्टेटफुलसेटमध्ये (डेटा सांभाळणारे पॉड चालवणारा कंट्रोलर) एकच रेप्लिका.

नोड नॉट-रेडी झालाय आणि पॉड (त्यावर चालणारा पोस्टग्रेसचा कंटेनर) टर्मिनेटिंगवर अडकलाय. तो जाईपर्यंत स्टेटफुलसेट नवा पॉड उभा करणार नाही, ते ठाऊक आहे. ड्रेन (नोडवरचे पॉड हटवणं) करून पाहिलं, लटकतं. एसएसएच लागत नाही. स्नॅपशॉट घेऊन ठेवलाय. व्हॉल्यूम-अटॅचमेंट ऑब्जेक्टमध्ये (कोणती डिस्क कोणत्या नोडला, याची नोंद) अजून अटॅच्डच दिसतंय; त्याचा फायनलायझर (नोंद पुसली जाण्यापासून रोखणारी खूण) काढा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्याने फक्त नोंद पुसली जाईल, डिस्क सुटेलच असं नाही.

पॉड फोर्स डिलीट मुद्दाम केलेला नाही. तसं केल्यावर अशा नोडवरून कंट्रोलर सहा मिनिटांनी व्हॉल्यूम जबरदस्तीने डिटॅच करतो. इथे व्हीएम मात्र कन्सोलवर चालू दिसतेय, म्हणजे कुबलेट (नोडवरचा कुबरनेटीसचा एजंट) मेला तरी पोस्टग्रेस आत लिहीत असू शकतो.

अडचण अशी की त्याच नोडच्या लोकल डिस्कवर दुसऱ्या टीमचा डेटा आहे आणि व्हीएम स्टॉप केली की ती डिस्क पुसली जाते. आउट-ऑफ-सर्व्हिस टेंटही (नोड बंद पडल्याची खूण, जिच्यामुळे पॉड आणि डिस्क लगेच सुटतात) व्हीएम बंद असल्याची खात्री करूनच लावायचा असतो.

मग व्हीएम बंद न करता लिखाण थांबल्याची खात्री कशी करायची, की स्टॉपशिवाय मार्गच नाही?