इंडिकेटर बंद, हॅझर्ड मात्र चालू – काय तपासावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या जुन्या गाडीचे इंडिकेटर कालपासून बंद आहेत. डावा नाही, उजवा नाही, टिकटिकही ऐकू येत नाही. हॅझर्ड लावले की चारही दिवे छान लुकलुकतात. गॅरेजवाल्याने गाडी न बघताच फोनवर सांगितलं, स्टिअरिंगजवळचा अख्खा स्विच बदलावा लागेल. त्याआधी घरी काही बघता येईल का? मुलं गाडीत असताना असं वळायचं म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो.

---

ताई, स्विच एवढ्यात घेऊ नका. हॅझर्ड चालताहेत, ही फार मोलाची खूण आहे. दोन्हींचे बल्ब तेच, त्यांच्याकडे जाणाऱ्या वायरी त्याच, अर्थिंगही तेच. म्हणजे एवढं सगळं ठीक आहे. बऱ्याच गाड्यांत दिवे लुकलुकवणारा फ्लॅशरही एकच असतो, तसं असेल तर त्याच्यावरचाही संशय गेला. उरले तिघे: इंडिकेटरचा फ्यूज, हॅझर्डचं बटण आणि दांडीचा, म्हणजे स्टिअरिंगजवळचा, स्विच.

आधी फ्यूज. हॅझर्डला करंट थेट बॅटरीतून मिळतो, इंडिकेटरला चावी फिरवल्यावर, म्हणून दोघांचे फ्यूज बहुधा वेगळे असतात. नुसतं डोळ्यांनी बघून फसायला होतं. टेस्ट लॅम्प, म्हणजे टोकदार सळी आणि वायरला क्लिप असलेला छोटा दिवा, घ्या. त्याची क्लिप बॉडीच्या उघड्या धातूला लावा, चावी चालू करा आणि टोक फ्यूजच्या दोन्ही बाजूंना टेकवा. एकाच बाजूला दिवा लागला तर फ्यूज उडालाय. नवा तेवढ्याच अँपिअरचा घाला. तोही उडाला तर वायर कुठेतरी घासून उघडी पडली आहे. मोठा फ्यूज घालून ते दाबायला जाऊ नका, वायर पेटते.

फ्यूज चांगला निघाला तर माझा पक्का संशय हॅझर्डच्या बटणावर. पुष्कळ जुन्या गाड्यांत इंडिकेटरचा करंट या बटणातून फ्लॅशरकडे जातो. बटण बंद असताना आतले जे कॉन्टॅक्ट जुळतात, त्यांतूनच तो वाहतो. बटण महिनोन्‌महिने कुणी दाबत नाही, कॉन्टॅक्ट काळे पडतात आणि इंडिकेटर गप्प होतात. दोष बटणाचा, बोल लागतो दांडीला! चावी चालू ठेवा, दांडी डावीकडे करा आणि हॅझर्ड वीस-पंचवीस वेळा भराभर चालू-बंद करा. बंद केल्यावर मधेच टिकटिक सुरू झाली तर चोर सापडला.

दांडीचा स्विच सगळ्यात शेवटी. तो खराब असला तर सहसा एकच बाजू जाते, किंवा दांडी किंचित हलवली की दिवा लागतो-विझतो. शिवाय तिथे एअरबॅग असते, बॅटरी सोडवल्याशिवाय स्टिअरिंग उघडू नका.

---

काकांच्या म्हणण्याला माझी एक पुरवणी, कारण हा धागा पुढे इतरांनाही लागेल. एकाच बाजूची टिकटिक बिघडली तर आधी त्या बाजूचा बल्ब बघा. जुन्या फ्लॅशरमध्ये धातूची पट्टी बल्बच्या करंटने तापून वाकते आणि जोड तोडते. २१ वॉटचा एक बल्ब गेला की पट्टी पुरेशी तापत नाही. दुसरा दिवा संथ लुकलुकतो किंवा नुसताच जळत राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर याच्या उलट, बल्ब गेला की घाईघाईने टिकटिकतो. म्हणून जुन्या फ्लॅशरवर एलईडी बल्ब लावले की गडबड होते, ते करंट फारच कमी घेतात. आणि इंडिकेटरबरोबर मागचा टेललाइटही मिणमिणत असेल तर त्या दिव्याचं अर्थिंग गंजलंय. होल्डर आणि अर्थची वायर जिथे बॉडीला मिळते ती जागा पॉलिश पेपरने घासा.

---

काका, फ्यूज ठीक होता. बटण दहा-बारा वेळा दाबलं आणि टिकटिक सुरू झाली! पण खड्ड्यातून गेलं की पुन्हा थांबते. आता बटण बदलू की साफ करून चालेल?

---

बदला. कॉन्टॅक्ट क्लीनरने सुटेल, पण खड्ड्यात थांबतंय म्हणजे आतली स्प्रिंगही सैल झालीय. बटण बहुधा पुढून अलगद उचकटून निघतं, मागचा प्लग खटका दाबून काढा. त्या प्लगची एखादी पिन काळी किंवा वितळलेली दिसली तर मात्र लिहा. मग नुसतं बटण पुरणार नाही, प्लगही बदलावा लागेल.