जुनी गाडी ऑइल खाते आहे : कोणते ऑइल घालावे?

ब-३०२ :
सर्वांना नमस्कार. आमच्या सोळा वर्षे जुन्या पेट्रोल गाडीविषयी विचारायचे आहे. गाडी १,७०,००० किलोमीटर चालली आहे आणि चालवायला अजूनही छान आहे, पण गेल्या वर्षभरात ती ऑइल खाऊ लागली आहे. नवे ऑइल घालून काही आठवडे होत नाहीत तोच डिपस्टिकवरील पातळी खालच्या खुणेला टेकते. गाडीखाली मात्र एकही डाग पडलेला दिसत नाही. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिले आहे आणि आजवर आम्ही तेच घालत आलो. आता गॅरेजमध्ये थेट २०डब्ल्यू-५० घालण्याचा सल्ला मिळाला आहे. गाडी माझ्या वडिलांनी घेतलेली आहे, त्यामुळे ती मोडीत द्यायची नाही आणि चुकीच्या ऑइलने तिचे इंजिनही खराब करायचे नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अ-१०४ :
आमच्या आधीच्या गाडीतून निळा धूर येत असे. २०डब्ल्यू-५० घातल्यावर तो बराच कमी झाला आणि पुढे दोन वर्षे आम्ही गाडी तशीच वापरली. माझ्या मते गॅरेजचा सल्ला योग्य आहे.

ड-५०१ :
ऑइलमध्ये मिसळण्याचे दाट द्रव बाटलीत मिळते, तेही एकदा वापरून पाहावे. इंजिन उतरवण्यापेक्षा ते सोपे पडेल.

क-१०१ :
ताई, मी तीस वर्षे इंजिन दुरुस्तीच्या कार्यशाळेत काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ऑइलचा डबा निवडण्याआधी ऑइल किती जाते आणि कुठून जाते, हे तुम्हाला ठाऊक असायला हवे. हे ठाऊक नसताना ऑइल बदलले, तर फरक पडला की नाही हेसुद्धा नक्की सांगता येणार नाही.

मोजण्याची पद्धत अशी. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन गरम असताना बंद करा आणि दहा मिनिटे थांबा, म्हणजे वर चढलेले ऑइल खाली चेंबरमध्ये उतरेल. डिपस्टिक पुसून पुन्हा पूर्ण आत घाला आणि मगच पातळी वाचा. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. १,००० किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, तशाच गरम इंजिनावर, पातळी पुन्हा वरच्या खुणेपर्यंत येण्यासाठी किती मिलिलीटर ऑइल लागले, ते मापाच्या भांड्याने मोजा. अनेक गाड्यांमध्ये दोन खुणांमधील अंतर सुमारे एक लीटरचे असते, पण अंदाजावर विसंबू नका. काही उत्पादक १,००० किलोमीटरमागे अर्धा लीटरपर्यंतचा खप स्वीकारार्ह मानतात आणि काही त्याहूनही अधिक. तुमच्या पुस्तिकेत ही मर्यादा दिली आहे का, तेही पाहा.

एका गोष्टीने मोजमाप फसते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि न जळलेले पेट्रोल व पाणी ऑइलमध्ये साचत जाते. त्यामुळे ऑइल कमी होऊनही पातळी स्थिर दिसते आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात, तो साठा उडून गेल्यावर, ती एकदम खाली येते. म्हणून या १,००० किलोमीटरमध्ये थोडा तरी लांबचा प्रवास असू द्या.

आता ऑइल कुठून जाते ते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना निळ्या धुराचा एकच लोट येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीचे रबरी सील, कडक झाल्याचा संशय घ्यावा. लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून आल्यानंतर पुन्हा पाय दिला की धूर निघतो, त्याचेही कारण बहुधा हेच असते, कारण त्या वेळी सिलिंडरमध्ये मोठी पोकळी निर्माण होऊन ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून आत ओढले जाते. चढावर किंवा जोर दिला असताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) तपासाव्यात. पुष्कळदा रिंग झिजलेल्या नसतात. ऑइल खरवडणारी खालची रिंग कार्बनमुळे खाचेत अडकून बसलेली असते. स्पार्क प्लग काढून पाहिले आणि एकच प्लग तेलकट निघाला, तर दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे तेही कळते.

जमिनीवर डाग नाही, याचा अर्थ गळती नाहीच असे मात्र समजू नका. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून पाझरणारे ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून तिथेच जळून जाते, जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. गाडी थांबवल्यावर बॉनेटमधून जळका वास येतो का, एवढे पाहा.

आणि सर्वांत आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्या. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, साचणारे वायू पुन्हा इनटेककडे (हवा आत घेणाऱ्या मार्गाकडे) नेणारा हा लहानसा भाग आहे. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि ऑइल सील व रिंगांपाशी मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. तो उघडा अडकला तर ऑइलची वाफ इनटेकमध्ये जास्त ओढली जाते. अनेक गाड्यांत तो थोड्या वेळात बदलता येतो, तरीही तो न पाहता रिंग गेल्या असे सांगितले जाते, याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे.

ब-३०२ :
काका, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आज पातळी भरून आकडा वहीत लिहिला आहे. सकाळी सुरू करताना धुराचा लोट येतो, हे आता तुमचे वाचून लक्षात आले. पूर्वी मी ती वाफ समजत होते.

क-३०३ :
माझी एक मूलभूत शंका आहे. ५डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-५० या आकड्यांचा नेमका अर्थ काय?

क-१०१ :
डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. ५डब्ल्यू ऑइलच्या घट्टपणाची चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा असतो. १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक जाडी असलेले ऑइल ३० च्या वर्गात बसते, १२.५ ते १६.३ पर्यंतचे ४० च्या आणि १६.३ ते २१.९ पर्यंतचे ५० च्या वर्गात. म्हणजे एका डब्यातील ३० चे ऑइल ९.५ सेंटिस्टोकचे आणि दुसऱ्यातील १२ चे असू शकते, आणि दोन्हींवर ५डब्ल्यू-३० हेच छापलेले असते. म्हणून केवळ या आकड्यांवरून खरेदी करू नये.

याशिवाय डब्याच्या मागे एसीईए या युरोपीय वाहन उत्पादक संघटनेचा वर्ग छापलेला असतो, तो मी नेहमी वाचतो. ए३/बी४ वर्गाच्या ऑइलला १५० अंशांना, जोराच्या घर्षणाखालीही, किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद इतकी जाडी टिकवावी लागते. ए५/बी५ वर्गाची ऑइल इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम त्याहून पातळ, २.९ ते ३.५ च्या दरम्यान, ठेवलेली असतात. जुन्या इंजिनाची पुस्तिका परवानगी देत असेल तर ए३/बी४ चे ५डब्ल्यू-३० घेतले तरी, ३० चा वर्ग न बदलता, ऑइलचा थर थोडा दणकट होतो.

अ-१०४ :
मग २०डब्ल्यू-५० ने आमच्या गाडीचा धूर कमी झाला, त्याचे कारण जाडी हेच ना? जाड ऑइलला नेमका आक्षेप काय आहे?

क-१०१ :
तुमचा अनुभव खरा आहे आणि कारणही तेच आहे. ऑइल दोन वाटांनी जाते. एक वाट द्रवरूपाने, सीलमधून आणि रिंगांवरून सिलिंडरमध्ये जाण्याची. तिथे जाड ऑइल कमी झिरपते. दुसरी वाट वाफ होऊन पीसीव्हीमधून इनटेकमध्ये जाण्याची. ती जाडीवर थेट अवलंबून नाही. ऑइलमधील हलका अंश किती उडतो यावर ती ठरते. हे मोजण्यासाठी नोआक नावाची चाचणी आहे. त्यात ऑइल २५० अंशांना एक तास तापवून वजनात किती टक्के घट झाली ते पाहतात. अमेरिकेतील एपीआय या पेट्रोलियम संस्थेच्या एसपी वर्गात नेहमीच्या वापरातील बहुतेक ऑइलसाठी ही मर्यादा १५ टक्के आहे, ए३/बी४ मध्ये १३ टक्के. चांगल्या सिंथेटिक ऑइलमध्ये हा आकडा १० च्याही खाली जातो. तो डब्यावर नसतो, पण उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकात पुष्कळदा असतो. ऑइल खाणाऱ्या गाडीसाठी दोन सारख्या ऑइलमधून निवड करायची झाली तर मी हाच आकडा पाहून करेन.

२०डब्ल्यू-५० हे वाईट ऑइल मुळीच नाही. ज्या इंजिनांची रचनाच त्या जाडीसाठी केलेली आहे, त्यांच्यासाठी ते योग्य आहे. ताईंच्या इंजिनाची रचना मात्र ३० साठी आहे. अशा इंजिनांत बेअरिंगमधील फटी अरुंद असतात, अनेकांत ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा असेल तर तीही ऑइलच्याच दाबावर चालते. सकाळी सुरू करताना इतके जाड ऑइल वरच्या भागात उशिरा पोहोचते, आणि इंजिनाची झीज पुष्कळशी त्याच काही क्षणांत होते. शिवाय अडकलेली रिंग जाड ऑइल नीट खरवडू शकत नाही, तिथे कार्बन आणखी बसतो आणि मूळ आजार धुराआड वाढत राहतो. म्हणून एका वेळी एकच पायरी चढावी : ३० वरून ४०, आणि तीही पुस्तिकेतील तक्त्यात ४० ला मान्यता असेल तरच.

ब-३०२ :
तक्ता पाहिला. ५डब्ल्यू-३० सोबत ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० या दोन्हींना परवानगी आहे.

ड-५०१ :
आणि माझ्या बाटलीबद्दल? त्याचबरोबर, जास्त चाललेल्या गाड्यांसाठी म्हणून वेगळे ऑइल मिळते, त्यात तथ्य आहे का?

क-१०१ :
बाटलीतील दाट द्रवात मुख्यतः जाडी वाढवणारे पॉलिमर असते. ते कातरले जाऊन काही आठवड्यांत पातळ होते आणि मधल्या काळात ऑइलचे मूळ संतुलन बिघडवते. मी ते वापरत नाही. सर्व घाण एकदम सोडवणारे फ्लश त्याहून धोक्याचे आहे, कारण जुन्या इंजिनात सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर दाबच जातो.

जास्त चाललेल्या गाड्यांच्या ऑइलमध्ये मात्र तथ्य आहे. त्यात रबराचे सील थोडे फुगवून मऊ करणारी द्रव्ये आणि अधिक डिटर्जंट असतात. सील कडक झाल्यामुळे ऑइल जात असेल तर त्याचा उपयोग होतो, अर्थात दोन-तीन हजार किलोमीटर धीर धरावा लागतो. फाटलेला सील किंवा झिजलेला सिलिंडर त्याने बरा होत नाही.

क-३०३ :
वरून सारखे ताजे ऑइल पडतच असते, तर मग ते पूर्ण बदलण्याची गरजच काय, असे आमच्या घरी म्हटले जाते.

क-१०१ :
हे कृपया कोणी करू नका. जळून जातो तो मुख्यतः ऑइलचा हलका भाग; काजळी, आम्ल आणि धातूचे कण मागेच राहतात आणि फिल्टर तर तोच असतो. ऑइल खाणाऱ्या गाडीचे ऑइल ठरलेल्या वेळेच्या थोडे आधीच बदलावे.

आणखी दोन गोष्टी सर्वांसाठी सांगतो. टॉप-अप करताना वरच्या खुणेच्या पुढे भरू नये. क्रँकशाफ्ट त्या ऑइलचा फेस करतो, मग ते पीसीव्हीतून अधिकच जाते. आणि डॅशबोर्डवरील ऑइलचा लाल दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो चालत्या गाडीत लागला तर पुढच्या वळणापर्यंतही जाऊ नये, सुरक्षित जागी थांबून इंजिन तत्काळ बंद करावे.

ब-३०२ :
पहिले १,००० किलोमीटर पूर्ण झाले आणि ६५० मिलिलीटर ऑइल लागले. त्यानंतर पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. हलवल्यावर त्यातून खुळखुळ आवाज यायला हवा असे काकांनी सांगितले होते, पण तो घट्ट चिकटलेला होता. नवा बसवला. प्लगही पाहिले, चारही जवळपास सारखेच आणि कोरडे आहेत. ऑइल अजून बदललेले नाही, मुद्दाम तेच ठेवले आहे.

क-१०१ :
फार योग्य केलेत. व्हॉल्व्ह आणि ऑइल एकाच दिवशी बदलले असते तर फरक कशाने पडला ते कधीच कळले नसते.

ब-३०२ :
दुसऱ्या १,००० किलोमीटरला ४०० मिलिलीटर लागले. सकाळचा धूर अजून आहे, पण विरळ झाला आहे. आता ऑइल बदलण्याची वेळ आली आहे. ५डब्ल्यू-४० घ्यावे की १०डब्ल्यू-४०?

क-१०१ :
दोन्ही चालतील. मी ५डब्ल्यू-४० सिंथेटिक, ए३/बी४ वर्गाचे आणि नोआक १० च्या आसपास असलेले घेईन, कारण थंड इंजिनात ते लवकर वर पोहोचते. एक पर्याय मनात घोळत आहे, तोही लिहितो. जळालेल्या ऑइलमधील फॉस्फरस आणि राख कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धूर स्वच्छ करणाऱ्या भागावर) जाऊन बसते. एसीईएच्याच सी३ वर्गात राखेचे प्रमाण ०.८ टक्क्यांपर्यंत मर्यादित असते आणि गरम जाडी ए३/बी४ इतकीच, ३.५ च्या वर, असते. खप ६५० वरच राहिला असता आणि पुस्तिकेत मान्यता असती, तर मी सी३ सुचवले असते. ४०० आणि तोही उतरता असताना तुमच्या पुस्तिकेत आहे तोच ए३/बी४ पुरेसा वाटतो.

ब-३०२ :
पुस्तिकेत ए३/बी४ चाच उल्लेख आहे, सी३ चा नाही. त्याप्रमाणे ५डब्ल्यू-४० आणि नवा फिल्टर घातला. तिसऱ्या १,००० किलोमीटरनंतर २८० मिलिलीटर लागले. सकाळी धूर दिसतो तो रात्रभर गाडी उभी राहिली तरच, आणि तोही क्षणभर. उरलेला दोष व्हॉल्व्ह सीलचाच असावा असे आता मलाही वाटते. त्यासाठी इंजिनाचे हेड (वरचा भाग) उतरवावे लागेल का?

क-१०१ :
बऱ्याच इंजिनांत लागत नाही. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि स्प्रिंग काढून सील वरूनच बदलतात. काम देण्यापूर्वी ही पद्धत त्यांना करता येते का, हे विचारा. आणि त्याच वेळी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची, चाचणी करून चारही आकडे लिहून घ्या. रिंगांविषयीची शंका त्यातून पुष्कळशी फिटेल.

ब-३०२ :
कॉम्प्रेशनची चाचणी आज झाली. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत आणि पुस्तिकेतील किमान मर्यादेच्या वर आहेत. सील पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी बदलायचे ठरवले आहे. तोपर्यंत दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहते आणि त्याच ५डब्ल्यू-४० चा एक लीटरचा डबा डिकीत ठेवला आहे.